बॅच नंबर आणि सिरीयल नंबर चिकटून येतायत, मधलं अक्षर गेलं कुठे?

उभाआडवा

नमस्कार मंडळी,

चार दिवस डोकं पिकलंय म्हणून इथे टाकतोय. औषधांच्या खोक्यावर ठिपक्याठिपक्यांचा चौकोनी बारकोड असतो ना, डेटामॅट्रिक्स म्हणतात तो, त्यातली माहिती वाचून साठवणारं एक छोटं वेबपान मी लिहिलंय. स्कॅनर यूएसबीचा. तो संगणकाला सांगतो की मी कीबोर्ड आहे, आणि ट्रिगर दाबला की कुणीतरी भराभर टाइप केल्यासारखे आकडे चौकटीत येतात.

बारकोडातला मजकूर जीएस१ या बारकोडांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीचा. ०१ नंतर वस्तूचा चौदा अंकी नंबर, १७ नंतर सहा अंकी मुदत, १० नंतर बॅच, २१ नंतर सिरीयल. पहिल्या दोघांची लांबी ठरलेली. बॅच आणि सिरीयल मात्र वीस अक्षरांपर्यंत कितीही.

आता बघा. खोक्यावर छापलंय बॅच ४५७२, सिरीयल ११०३. माझ्या चौकटीत त्या भागात येतं १०४५७२२१११०३. म्हणजे माझ्या प्रोग्रामच्या मते बॅच ४५७२२१११०३ आणि सिरीयल नाहीच. म्हटलं, २१ दिसले की तिथे तोडू. दोन तास सुखात गेले. मग ७२१४ नावाची बॅच आली आणि तिचे दोन तुकडे झाले.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे हे सगळ्या खोक्यांना होत नाही. काही अगदी शहाण्यासारखी वाचली जातात. मोबाइलवरच्या ॲपने तीच खोकी वाचली तर बॅच आणि सिरीयलच्या मध्ये एक रिकामी चौकट दिसते. ती माझ्याकडे का येत नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सातवा_बिट

बारकोड बरोबर आहे, तुमचा प्रोग्रामही बराचसा बरोबर आहे. वाटेत एक अक्षर मेलं आहे.

ती रिकामी चौकट म्हणजे २९ क्रमांकाचं नियंत्रण अक्षर, म्हणजे उमटण्याऐवजी यंत्राला हुकूम देणारं. ग्रुप सेपरेटर, थोडक्यात जीएस. (जीएस१ मधल्या जीएसशी त्याचा संबंध नाही, तो निव्वळ योगायोग.) लांबी ठरलेली नसलेला भाग संपला आणि पुढे आणखी काही असेल तर मध्ये हे अक्षर टाकायचं, असा नियम आहे. हा भाग अगदी शेवटी असेल तर टाकायची गरज नाही. तुमची शहाणी खोकी एकदा तपासा. त्यांच्यावर बॅच शेवटी असेल आणि सिरीयल नसेलच.

आता ते मेलं का? कीबोर्डावर २९ चं बटणच नाही. स्कॅनरने कीबोर्डाचं सोंग घेतलंय, त्यामुळे ज्याला बटण नाही ते अक्षर त्याला पाठवता येत नाही. काही स्कॅनर ते गुपचूप गाळतात. काही कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस एकत्र दाबल्याचं नाटक करतात, पण ब्राउझरच्या चौकटीत त्या जोडीने काहीच उमटत नाही. परिणाम तोच.

दोन उपाय. स्कॅनरच्या पुस्तिकेत सेटिंगचे बारकोड असतात, त्यातून त्याला कीबोर्डाऐवजी सिरीयल पोर्ट व्हायला सांगा. मग २९ जसाच्या तसा येईल, पण तुमचं वेबपान पोर्टवरून कसं वाचणार हा वेगळा प्रश्न. नाहीतर जीएसच्या जागी दुसरं दिसणारं अक्षर पाठवायची सोय असते, तिथे उभी रेघ टाका. जीएस१ ने बॅच आणि सिरीयलसाठी जी ८२ अक्षरं मान्य केली आहेत त्यात उभी रेघ नाही, त्यामुळे ती खऱ्या मजकुरात कधी येणार नाही.

उभाआडवा

दंडवत घ्या! शहाणी खोकी तपासली, खरंच बॅच शेवटी आणि सिरीयल नाही. उभी रेघ आजच लावून बघतो.

पण एक शंका. २९ म्हणजे कंट्रोल आणि उजवा कंस, हे कुणी ठरवलं? त्या कंसात २९ कुठे आलं?

सातवा_बिट

कुणी वेगळं ठरवलं नाही, वजाबाकी आहे. आस्की म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणारं टेबल, त्यात उजव्या चौकोनी कंसाचा क्रमांक ९३. त्यातून ६४ वजा करा.

आस्की सात बिटांचं, एकूण १२८ जागा. पहिल्या ३२ जागा आणि अगदी शेवटची १२७ वी, अशी ३३ अक्षरं नियंत्रणाची. उरलेली ९५ उमटणारी, त्यात रिकामी जागाही आली. कंट्रोलचं बटण मुळात एवढंच करायचं की ६४ चा बिट खाली पाडायचा. जी ७१, वजा ६४, आले ७. सात म्हणजे घंटा. एम ७७, म्हणजे १३, कॅरेज रिटर्न. आय ७३, म्हणजे ९, टॅब. डावा चौकोनी कंस ९१, म्हणजे २७, एस्केप. टर्मिनलमध्ये आज कंट्रोल-आय दाबून पाहा, टॅब दाबल्यासारखंच होईल. टर्मिनलला तो फरक कळायचं काही कारणच नाही, दोन्हीकडून ९ च येतात.

कंट्रोल-सी ने प्रोग्राम थांबतो तेही ३ क्रमांकाचं अक्षर, ज्याचा मूळ अर्थ मजकूर समाप्त. कंट्रोल-डी ४, प्रसारण समाप्त. ही बटणं आपण रोज बडवतो आणि त्यांच्यामागे टेबलातली एक ओळ आहे हे विसरतो.

कागदी_फीत

चांगला धागा. मी टेलेक्सवर, म्हणजे टाइप केलेले संदेश तारेवरून पाठवणाऱ्या यंत्रावर, काम केलेला माणूस आहे, तेव्हा मला राहवत नाही.

आमचं यंत्र पाच बिटांचं. वेग पन्नास बॉड. हा बॉड शब्द ज्याच्या नावावरून आला त्या एमिल बोदोने १८७४ साली पाच बिटांच्या तारयंत्राचं पेटंट घेतलं. पाच बिटांत जागा ३२ च, त्यात अक्षरं आणि आकडे कसे मावणार? म्हणून दोन हुकूम होते, एक म्हणतो आतापासून अक्षरं, दुसरा म्हणतो आतापासून आकडे. तारेवर खरखर होऊन तो एक हुकूम गेला की पुढचा सगळा मजकूर आकडे आणि चिन्हं होऊन उतरायचा. मुरलेला ऑपरेटर ते तसंच वाचायचा, कारण कोणत्या आकड्याच्या बटणावर कोणतं अक्षर आहे हे हाताला पाठ असायचं. नवा पोरगा मात्र संदेश पुन्हा पाठवा म्हणून ओरडायचा.

छपाईची गाडी ओळीच्या सुरुवातीला मागे आणणं (कॅरेज रिटर्न) आणि कागद वर सरकवणं (लाइन फीड) या दोन हुकमांना कोडमध्ये जागा मिळाली ती डोनाल्ड मरे याच्या १९०१ च्या सुमाराच्या कोडमध्ये. त्याने भोकं पाडलेली कागदी फीत वापरली, टंकलेखन यंत्रासारखं छापून घेतलं, म्हणून त्याला ते लागले.

आणि एक हुकूम माझा फार आवडता. आकड्यांच्या बाजूला जाऊन डी दाबलं की समोरच्या यंत्राला प्रश्न जायचा, तू कोण? समोर माणूस असो नसो, यंत्र आपोआप आपलं नाव टाइप करून पाठवायचं. रात्री रिकाम्या कार्यालयात यंत्र एकटंच खडखडून आपलं नाव सांगतंय, हे ऐकलेल्यालाच कळेल.

रिकामी_ओळ

काका, भारी! तुमचा तो तू कोण आस्कीत पाचव्या जागेवर बसलाय, एन्क्वायरी म्हणून. आणि १२७ बद्दल कुणी सांगितलं नाही अजून. बाकी सगळी नियंत्रणं सुरुवातीला आणि हा एकटाच गावकुसाबाहेर का?

कागदी_फीत

सोपं आहे. फितीला एकदा पडलेलं भोक बुजवता येत नाही. चुकीचं अक्षर पडलं तर एकच मार्ग, फीत एक घर मागे घ्यायची आणि उरलेली सगळी भोकं पाडून टाकायची. सात बिटांच्या फितीवर सातही भोकं म्हणजे १२७. वाचणाऱ्या यंत्राला सांगून ठेवलेलं, सगळी भोकं दिसली की सोडून दे. म्हणून खोडण्याचं अक्षर १२७ वर. ती जागा कुणी निवडलेली नाही, कागदाने निवडलीय.

आमच्या पाच भोकांच्या फितीवर हेच काम अक्षरांचा हुकूम करायचा, त्याची पाचही भोकं. आणि एकही भोक नाही ते शून्य, म्हणजे कोरी फीत. सुरुवातीला आणि शेवटी हातभर कोरी फीत सोडायचो, धरायला.

खटपट्या

आता कॅरेज रिटर्न आणि लाइन फीडचं भांडण काढतोच, त्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

मला हे कळलं ते असं. एक छोटी स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली, लिनक्सच्या यंत्रावर चढवली, चालवली. उत्तर आलं, अशी फाइल किंवा फोल्डर नाही. फाइल समोर दिसतेय! नाव बरोबर, परवानग्या बरोबर. अर्धा दिवस गेला. शेवटी ओडी कमांडला सी पर्याय देऊन बाइट बघितले तर पहिल्या ओळीच्या शेवटी लाइन फीडच्या आधी एक कॅरेज रिटर्न दबा धरून बसलेला. स्क्रिप्ट कुणी चालवायची ते पहिल्या ओळीत असतं. तिथे बॅश असं नाव नसून बॅश आणि पुढे १३ असं नाव झालेलं. त्या नावाचा प्रोग्राम खरंच नव्हता. संगणक खोटं बोलत नव्हता, अर्धवट बोलत होता. ती फाइल सापडत नाही म्हणजे कोणती फाइल, एवढं तरी सांगायचं!

दोन अक्षरं का, याचं कारण काकांच्या गाडीतच आहे. १९६३ च्या टेलीटाइप ३३ चा वेग सेकंदाला दहा अक्षरं. छपाईची गाडी उजव्या टोकापासून डावीकडे यायला एका अक्षराच्या वेळापेक्षा जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी रिटर्न, मग फीड. कागद वर सरकेपर्यंत गाडी पोचायला उसंत. क्रम उलटा केलात तर पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर गाडी धावत असतानाच ओळीच्या मध्ये कुठेतरी उमटायचं. काही जण वर एखादं शून्यही पाठवायचे, निव्वळ वेळ काढायला.

पुढे मल्टिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमने एकटा लाइन फीड पुरे असं ठरवलं आणि कागदावर उतरवताना रिटर्न जोडायचं काम ड्रायव्हरवर टाकलं. युनिक्सने तेच उचललं. तशाच जुन्या सीपी/एमने दोन्ही ठेवले, तिथून डॉस आणि विंडोज. जुन्या मॅकने एकटा रिटर्न घेतला. विंडोजच्या नोटपॅडला एकटा लाइन फीड कळायला २०१८ उजाडलं. गाडी मोडीत निघून किती दशकं झाली, आणि एचटीटीपी १.१ चे हेडर आणि ईमेल अजून दोन्ही अक्षरं पाठवतात. गाडीला वेळ मिळावा म्हणून! (ह. घ्या.)

तळटीप

खटपट्या, एक राहिलं. रिटर्न एकटा पाठवायची सोय फुकट नव्हती. गाडी मागे आणून त्याच ओळीवर पुन्हा छापलं की अक्षर ठळक व्हायचं, अधोरेखन व्हायचं. म्हणून ते दोन हुकूम वेगळेच असायला हवे होते. आजही टर्मिनलमध्ये डाउनलोडचा टक्का एकाच जागी बदलताना दिसतो ना, तो एकटा रिटर्नच.

तपासनीस_ताई

सातवा_बिट यांनी ५ आणि ६ चा विषय काढला नाही म्हणून मी काढते. माझं पोट त्यावर चालतं.

रक्ताच्या तपासण्या करणारी यंत्रं संगणकाला जोडून देणं हे माझं काम. नवी यंत्रं नेटवर्कवर बोलतात, पण बरीच अजून सिरीयल केबलवर, एएसटीएम नावाच्या पद्धतीने. त्यांचं बोलणं ऐकलं तर हसू येईल, इतकं सभ्य. यंत्र ५ पाठवतं, म्हणजे बोलू का? आपण ६ पाठवायचा, बोला. मग एक चौकट येते. २ म्हणजे मजकूर सुरू, मग चौकटीचा क्रमांक, मजकूर, मग ३ म्हणजे मजकूर संपला, मग अक्षरांच्या आकड्यांची दोन अक्षरी बेरीज, आणि १३, १०. बेरीज जुळली तर आपण ६, नाही तर २१, म्हणजे कळलं नाही, पुन्हा सांगा. सगळं झालं की यंत्र ४ पाठवून निरोप घेतं.

माझी पहिली जोडणी. यंत्र बोलतंय, मी प्रत्येक चौकटीला २१ देतेय. यंत्र तीच चौकट पुन्हा पाठवतंय, मी पुन्हा २१. सहा वेळा पाठवून झालं की ते कंटाळून ४ पाठवतं आणि गप्प बसतं. रिपोर्ट शून्य, बाहेर लोक खोळंबलेले. संध्याकाळी कागदावर माझी बेरीज आणि यंत्राची बेरीज शेजारी शेजारी लिहिली. फरक ३. पुढची चौकट, फरक ३. त्याच्या पुढची, ३. मग ट्यूब पेटली. बेरीज चौकटीच्या क्रमांकापासून मजकूर संपल्याच्या खुणेपर्यंत करायची, खूण धरून. मी खूण वगळत होते, आणि खुणेची किंमतच ३. एका लांब रिपोर्टात फरक २३ आला तेव्हा तर खात्रीच पटली, कारण मजकूर पुढच्या चौकटीत चालू राहणार असेल तर शेवटी ३ ऐवजी २३ येतो.

त्या दिवसापासून नियंत्रण अक्षरांकडे मी आधी आकडे म्हणून बघते, नावं नंतर.

नवशिका

वाचतोय, मजा येतेय. बाळबोध प्रश्न: मजकुरातच ३ आला तर? म्हणजे मजकूर नसून फोटो वगैरे असेल, त्यात कुठलाही बाइट येणार. मग समोरच्याला वाटेल संपलं.

सातवा_बिट

बाळबोध अजिबात नाही, सगळ्या धाग्याची मेख हीच आहे. मजकूर आणि हुकूम एकाच नळीतून वाहतात. नळी एकच असली की कधीतरी मजकूर हुकमासारखा दिसणार.

लोकांनी दोन वाटा काढल्या. एक, आधीच लांबी ठरवा आणि तेवढं डोळे मिटून घ्या. वॉर्ड क्रिस्टेन्सनचा १९७७ चा एक्समोडेम तसा आहे. १ ने सुरुवात, ठोकळ्याचा क्रमांक, त्याच क्रमांकाचे सगळे बिट उलटे करून पुन्हा एकदा, मग मोजून १२८ बाइट, मग बेरीज. त्या १२८ त ३ येवो की ४, कुणी त्याच्याकडे हुकूम म्हणून बघत नाही. शेवटचा ठोकळा भरत नसेल तर २६ ने भरायचा. हे २६ सीपी/एममधून आलं. तिथे फाइलची लांबी १२८ च्या पटीतच नोंदली जायची, म्हणून मजकूर खरा कुठे संपला ते सांगायला कंट्रोल-झेड.

दुसरी वाट, इशारा द्या. १६ क्रमांकाचं डेटा लिंक एस्केप त्यासाठीच आहे. १६ च्या मागोमाग ३ आला तरच तो हुकूम, एकटा ३ म्हणजे मजकूर. आणि मजकुरात खरोखरच १६ आला तर तो दोनदा पाठवा. प्रोग्रामिंगमध्ये आपण उलटी तिरकी रेघ दोनदा लिहितो, तीच युक्ती.

तिसरी वाट म्हणजे काहीच न करणं. ती सर्वाधिक लोकप्रिय आहे.

खटपट्या

तिसऱ्या वाटेचा वाटसरू हजर आहे.

एका उपकरणातून सिरीयल केबलने नोंदींची फाइल उतरवत होतो. दर वेळी फाइल थोडी लहान यायची. केबल बदलली, वेग कमी केला. तरी तूट तीच, एका बाइटाचाही फरक नाही. केबल खराब असती तर तूट रोज वेगळी आली असती, एवढं उशिरा का होईना सुचलं. मग उपकरणातल्या मूळ फाइलमध्ये १७ आणि १९ किती वेळा आलेत ते मोजलं. तूट बरोबर तेवढीच.

पोर्टच्या सेटिंगमध्ये सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल चालू होतं. त्यात १९ म्हणजे थांब आणि १७ म्हणजे चालू कर. ड्रायव्हर ते दोन बाइट स्वतःसाठी आलेले हुकूम समजून गिळत होता. बंद केलं, संपलं.

याच १९ चा दुसरा अवतार सगळ्यांनी भोगलाय. टर्मिनलमध्ये सवयीने सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबता आणि सगळं गोठतं. लोक खिडकी बंद करतात. कंट्रोल-क्यू दाबा हो, ते १७ आहे.

स्वल्पविराम

मला एक तक्रार मांडू द्या. उभाआडवा यांचा २९ एकटा नाही. २८ ते ३१ अशी चार विभाजकं आहेत, फाइल, गट, नोंद आणि घटक यांच्यासाठी. १९६७ च्या आस्कीपासून तिथे बसलीत. तरी आपण सगळे माहिती स्वल्पविरामाने तोडतो, पत्त्यात स्वल्पविराम आला की अवतरणचिन्हं लावतो, मजकुरात अवतरणचिन्ह आलं की ते दोनदा लिहितो, आणि शेवटी एक्सेल काहीतरी तिसरंच उघडून दाखवतं. ३१ आणि ३० वापरले असते तर हे काहीच झालं नसतं. शुद्ध आळस!

तळटीप

असहमत. आळस नाही, डोळे. स्वल्पविरामवाली सीएसव्ही फाइल मी कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, चूक दिसते, हाताने दुरुस्त करते. तुमची ३१ वाली फाइल उघडली तर सगळं एकमेकाला चिकटलेलं. दुरुस्त करायला ३१ टाइप कसं करणार? बटण कुठाय? धागा सुरूच झालाय तो अदृश्य विभाजक हरवला म्हणून. तुम्ही धागाकर्त्याला काय सांगताय, आणखी तीन वापर?

शिवाय एका फाइलच्या घटकात दुसरी तशीच अख्खी फाइल ठेवायची वेळ आली की नवशिका यांचा प्रश्न पुन्हा दारात.

स्वल्पविराम

बटणाचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

रिकामी_ओळ

भांडणात एक सुंदर गोष्ट टाकून जाते. पीएनजी चित्राच्या फाइलचे पहिले आठ बाइट बघा: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०.

मधले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी. बाकीचे सापळे आहेत. १३७ सात बिटांत मावत नाही, आठवा बिट कापणाऱ्या वाटेने फाइल आली तर तो ९ होतो आणि लगेच कळतं. १३, १० ही जोडी आहे ती कुणी त्यांचा एकटा १० केला तर पकडायला. शेवटचा एकटा १० आहे तो कुणी त्याची जोडी केली तर पकडायला. आणि २६ कशाला? डॉसमध्ये कुणी ती फाइल पडद्यावर टाइप करायला गेलं तर २६ पाशी थांबावं, पुढचा कचरा घंटा वाजवत पडद्यावर येऊ नये म्हणून.

फाइल मजकूर समजून पाठवणाऱ्या एफटीपीने किती चित्रं नासवली असतील, त्या सगळ्या अनुभवाचं सार या आठ बाइटांत आहे. मला तर ही कविता वाटते.

पहारेकरी

सगळे गोड आठवणी काढतायत, मी जरा विरजण घालतो.

२७, एस्केप. आस्कीत ते आणण्याचं श्रेय बॉब बेमर यांना देतात. कल्पना अशी की ३२ हुकूम पुरणार नाहीत, तेव्हा एक अक्षर असं ठेवा की जे म्हणेल, पुढची काही अक्षरं वेगळ्या अर्थाने वाच. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलने ते घराघरात नेलं. रंगीत टर्मिनलवर एस्केप, डावा चौकोनी कंस, ३१, एम, की पुढचा मजकूर लाल. कंसानंतर २ आणि मोठा जे, की पडदा साफ.

आता विचार करा, तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये लोकांनी भरलेली नावं जातात. कुणी नावात एस्केपची माळ भरली. तुम्ही सकाळी कॅट कमांडने लॉग बघता. मागच्या चार ओळी पुसल्या जाऊ शकतात, कर्सर वर जाऊन दुसरंच काही लिहिलं जाऊ शकतं. लॉग फाइल शाबूत, तुमच्या डोळ्यांना मात्र वेगळं दिसतंय. साधा १० सुद्धा पुरतो. नावात १० टाकून पुढे बनावट लॉगची ओळ लिहिली की झालं. त्यामुळे बाहेरून आलेला मजकूर लॉगमध्ये जाताना ३२ खालचं सगळं दिसेल अशा रूपात बदला, आणि लॉग कॅटने नाही, लेसने बघा. ते मुळात एस्केप चालवत नाही, दाखवतं.

२०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ट्रोजन सोर्स नावाने हेच युनिकोडमध्ये दाखवलं. उजवीकडून डावीकडे लिहिण्याच्या अदृश्य खुणा कोडमध्ये पेरल्या की वाचणाऱ्याला एक दिसतं आणि कंपायलर दुसरंच वाचतो.

अर्धा_र

अदृश्य खुणांचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरात बघा की!

दऱ्या हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. मी एका संकेतस्थळाचे लेख तपासते. तिथल्या प्रोग्रामरने मध्यंतरी कचरा साफ करणारं फंक्शन लिहिलं, न दिसणारं प्रत्येक अक्षर उडवणारं. दुसऱ्या दिवशी डोंगर आणि दऱ्यांवरच्या लेखात अर्ध्या ठिकाणी दर्या उसळला होता. जोडक गेला, र शेजारच्या य वर चढून रफार झाला. उरलेल्या अर्ध्या ठिकाणी लेखकाने पहिल्या पद्धतीने टाइप केलं असणार, तिथल्या दऱ्या जागेवर.

तेव्हा पहारेकरी, सरसकट उडवू नका एवढंच सांगते.

सातवा_बिट

किरकोळ दुरुस्ती. तो जोडक नियंत्रण अक्षर नाही. युनिकोडमध्ये नियंत्रण अक्षरं मोजून ६५, आस्कीची ३३ आणि १२८ ते १५९ ही ३२. जोडक स्वरूपण अक्षरांच्या वर्गात येतो.

अर्धा_र

दिसत नाही, छापलं जात नाही, शेजारच्याला हुकूम सोडतं. वर्ग कुठलाही असो, वागणूक कळली!

पहारेकरी

अर्धा_र ताई, मान्य. मी ३२ खालचंच म्हणालो होतो, पण त्या प्रोग्रामरसारखे बरेच भेटलेत.

उभाआडवा

मंडळी, परत आलो. चिकटणं थांबलं, उभी रेघ चालली. पण थोडा वेळच.

उत्साहात मी काय केलं, सर्व्हरवर रेघेचा पुन्हा २९ केला, म्हटलं मूळ बारकोड जसाच्या तसा साठवू. डेटाबेसने आनंदाने घेतला. संध्याकाळी समोरच्या कंपनीला एक्सएमएलमध्ये यादी पाठवली, त्यांनी अख्खी फाइल परत फेकली. अवैध अक्षर म्हणे.

सातवा_बिट

बरोबरच फेकली. एक्सएमएल १.० मध्ये ३२ खालची फक्त तीन अक्षरं चालतात, ९, १० आणि १३. २९ चा आकडा संकेताच्या रूपात लिहिलात तरी चालत नाही. जेसन या माहिती पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीत संकेत लिहून पाठवता येतो, तसाच कच्चा टाकता येत नाही.

विभाजकाचं काम स्कॅन होईपर्यंतच. आत आल्या आल्या तोडा, बॅच एका रकान्यात, सिरीयल दुसऱ्या रकान्यात. मूळ मजकूर हवाच असेल तर तो रेघेसकट ठेवा.

उभाआडवा

तसंच केलं. आज दिवसभरात एकही चिकटलेली नोंद नाही. तपासनीस ताईंचं ऐकून चौकटीत आलेल्या प्रत्येक अक्षराचा आकडा दाखवणारं एक छोटं पानही बनवलं, स्कॅनर बदलला की आधी तिथे मारून बघायचं.

एक दुखणं उरलंय. आधीच्या चार दिवसांत चिकटून साठलेल्या नोंदी. २१ कुठे खरा आणि कुठे बॅचमधला, हे ओळखायला काही युक्ती आहे का कुणाकडे?

तपासनीस_ताई

ती माहिती आता कुठेच नाही. खोकी अजून जागेवर आहेत ना? परत स्कॅन करा.

कागदी_फीत

आमच्याकडे याला पुन्हा पाठवा म्हणायचे.

उभाआडवा

निम्मी खोकी बाहेर गेलीत काका. उरलेली घेऊन बसलोय.